दक्षिण आफ्रिकी लघुकथा व वर्णविद्वेष

वर्णविद्वेषाचे चित्रण जगातील अनेक साहित्यांत आढळते. तथापि दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजी लघुकथेइतक्या सातत्याने व बारकाव्याने ते फार थोड्या ठिकाणी झालेले आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत ह्या देशातील बहुतेक सर्व महत्त्वाचे कथाकार, मग ते कृष्णवर्णीय असोत, मिश्रवर्णीय असोत, भारतीय वंशाचे असोत वा गौरवर्णीय असोत, ह्या ना त्या प्रकारे ह्याच विषयाकडे वळले. उद्यानातील बाक, आगगाडीचा डबा, उपाहारगृहातील कॉफीचा पेला, मुलांचा झोपाळा, स्मशानातील सहा फूट जमीन अशा साध्या गोष्टी ह्या कथांच्या केंद्रस्थानी येतात. ह्या साध्या गोष्टींवरच तेथील राज्यसंस्थेने वर्णाची मोहोर उठविली होती आणि लघुकथेने ती तेथेच ओळखली, हे ह्या साहित्याचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : वर्णभेदाची व्यवस्था १९४८ मध्ये एकाएकी निर्माण झाली, हा समज बरोबर नाही. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्य स्थापन झाले आणि अवघ्या तीन वर्षांत, १९१३ च्या भूमी अधिनियमान्वये, बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी देशातील केवळ सु. ७ टक्के जमीन राखून ठेवण्यात आली. १९३६ मध्ये हे प्रमाण सु. १३ टक्क्यांपर्यंत वाढविण्याची तरतूद झाली. जमिनीला मुकलेला शेतकरी सोन्याच्या खाणींत, गोऱ्यांच्या शेतमळ्यांवर व शहरांतील घरकामात मजूर म्हणून येऊ लागला. परंतु शहराचा रहिवासी म्हणून त्याला मान्यता नव्हती. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला व त्याने ह्या भेदभावाला ‘अपार्थाइड’ म्हणजे अलगता ह्या नावाने सर्वंकष धोरणाचे रूप दिले. १९४९ मध्ये गोरे व गोरेतर ह्यांच्यातील विवाह अवैध ठरले. १९५० मध्ये तीन महत्त्वाचे कायदे झाले. लोकसंख्या नोंदणीच्या कायद्याने प्रत्येक व्यक्तीचा वर्ण निश्चित करून त्याची नोंद ठेवली. वस्तीविभागणीच्या कायद्याने कोणी कोठे राहावे, हे ठरविले. आणि अनैतिकताविषयक सुधारित कायद्याने गोरे व सर्व गोरेतर ह्यांच्यातील शरीरसंबंध हा गुन्हा ठरविला. १९५२ मध्ये ‘पास रद्द करण्याचा’ म्हणून जो कायदा झाला, त्याने प्रत्यक्षात प्रौढ आफ्रिकी माणसाला सदैव जवळ बाळगावयाची ओळखपुस्तिका सक्तीची केली. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक सोयी वेगळ्या करण्यात आल्या व त्या समान दर्जाच्या असण्याची गरज नाही, असेही स्पष्ट करण्यात आले. त्याच वर्षी आफ्रिकी मुलांच्या शिक्षणासाठी वेगळी व निकृष्ट व्यवस्था कायद्याने उभी राहिली.

ह्या कायद्यांचा परिणाम असा झाला, की माणसाच्या दिवसातील क्वचितच एखादी घटका राज्यसंस्थेच्या नजरेतून सुटली. कोठे बसावे, कोणत्या दाराने आत जावे, कोणावर प्रेम करावे, रात्री कोठे निजावे आणि मेल्यावर कोठे पुरले जावे, हे सारे वर्णावर ठरू लागले. त्यामुळे अन्य समाजांत जी घटना क्षुल्लक ठरली असती, तीच येथे नाट्यपूर्ण ठरे. लघुकथेला लागणारा एकच प्रसंग, एकच निर्णायक क्षण हे जीवन दररोज पुरवीत होते.

लघुकथेच्या प्राबल्याची ह्याहून व्यावहारिक कारणेही होती. कादंबरीला फुरसत, एकांत व प्रकाशक लागतो. कोंदट खोलीत अनेकांसह राहणाऱ्या, वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्या आणि केव्हाही पकडला जाऊ शकणाऱ्या कृष्णवर्णीय लेखकाला ह्यांपैकी काहीच सहजी उपलब्ध नव्हते. एस्किया (पूर्वीचे नाव इझिकिएल) म्फालेले ह्या ज्येष्ठ लेखकानेही लघुकथा हा मनातील कढ त्वरेने मोकळा करण्याचा मार्ग होता, अशा आशयाचे मत व्यक्त केले आहे. कथेला नियतकालिकांत जागा मिळे व मानधनही मिळे. आफ्रिकी भाषांतील प्रकाशन मात्र दीर्घ काळ मिशनसंस्थांच्या छापखान्यांवर व शालेय पुस्तकांच्या मागणीवर अवलंबून राहिल्याने राजकीय आशयाच्या कथेला तेथे वाव थोडा होता. वर्णविद्वेषावरील कथा प्रामुख्याने इंग्रजीत लिहिली गेली, ह्याचे हे एक कारण होय.

प्रारंभ : ऑलिव्ह श्राइनर (१८५५–१९२०) हिची ट्रूपर पीटर हॅल्केट ऑफ मशोनालँड (१८९७) ही दीर्घकथा वसाहतवादी क्रौर्याचा निषेध करणारी एक आरंभीची कृती होय. फाशी दिलेल्या आफ्रिकी माणसांचे छायाचित्र तिच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रारंभी छापलेले होते. पुढील आवृत्त्यांतून ते वगळले गेले. विल्यम प्लोमर (१९०३–७३) ह्याने ‘उला मसोंडो’ (१९२७) ह्या कथेत खाणीत कामाला आलेल्या खेडुत तरुणाचे शहराने केलेले परिवर्तन रंगविले. कृष्णवर्णीय लेखकांपैकी आर्. आर्. आर्. ध्लोमो (१९०१–७१) ह्याने ॲन आफ्रिकन ट्रॅजेडी (१९२८) ही छोटी कादंबरी लिहिली आणि त्यानंतर द सांबॉक ह्या नियतकालिकातून खाणकामगारांच्या जीवनावरील कथा प्रसिद्ध केल्या. खाणीतील गोरा मुकादम व त्याच्या हाताखालचे मजूर ह्यांचे संबंध मजुरांच्या बाजूने सांगणाऱ्या ह्या पहिल्या कथांपैकी होत.

हर्मन चार्ल्स बॉस्मन (१९०५–५१) ह्याचा मार्ग उपरोधाचा आहे. मफेकिंग रोड (१९४७) ह्या संग्रहातील व अन्य अनेक कथा ऊम स्खाल्क लाउरेन्स नावाचा मारिको भागातील वृद्ध बोअर शेतकरी सांगतो. हा निवेदक आपले पूर्वग्रह निःशंकपणे उच्चारतो. परंतु कथा पुढे सरकते तसतशी त्याच्या बोलण्यातील विसंगती वाचकासमोर उघडी पडते. ‘अन्टू डस्ट’ ह्या कथेत लढाईत मेलेल्या एका गोऱ्या माणसाचे अवशेष काही महिन्यांनी सन्मानाने पुरण्यासाठी आणावयाचे असतात. पण तेथेच मेलेल्या कृष्णवर्णीयाची हाडे त्यांत मिसळून गेलेली आहेत आणि गोऱ्याची हाडे कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. दफन यथासांग पार पडते. मात्र त्या कृष्णवर्णीयाचा पिवळा कुत्रा गोऱ्यांच्या स्मशानातील त्या थडग्यापाशी दिसू लागतो. निषेधाचा एकही शब्द न उच्चारता ही कथा वर्णाभिमानाचा पायाच काढून घेते. बॉस्मनची पद्धत मात्र दुधारी आहे. उपरोध न ओळखणाऱ्या वाचकाला त्याचा निवेदक आपलाच माणूस वाटू शकतो आणि कृष्णवर्णीय पात्रे त्याच्या कथांत बहुधा दुरूनच दिसतात.

‘ड्रम’ नियतकालिक व सोफायाटाउन : १९५१ मध्ये केप टाउन येथे सुरू झालेले व लवकरच जोहॅनिसबर्गला हलविलेले ड्रम हे मासिक म्हणजे ह्या कथेच्या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय. त्याचा मालक जिम बेली व आरंभीचा प्रमुख संपादक अँटनी सॅम्पसन हे दोघेही गोरे होते. पण लेखकवर्ग व वाचकवर्ग प्राधान्याने कृष्णवर्णीय होता. मुष्टियुद्ध, जाझ संगीत, गुन्हेगारी आणि सौंदर्यवतींची छायाचित्रे ह्यांच्या जोडीने ह्या मासिकात शेतमळ्यांवरील वेठबिगारीसंबंधी हेन्री न्क्सुमालो ह्याने लिहिलेली शोधवृत्ते येत आणि लघुकथाही येत. कॅन थेम्बा, ब्लोक मोडिसेन, आर्थर मायमाने, टॉड मात्शिकिझा, केसी मोत्सिसी, लुइस न्कोसी, नॅट नकासा ही मंडळी ह्या मासिकाभोवती जमली. त्यांचे आवडते ठिकाण म्हणजे जोहॅनिसबर्गमधील सोफायाटाउन ही वस्ती. आफ्रिकी लोकांना जमीन स्वतःच्या मालकीची करता येईल, अशा मोजक्या शहरी जागांपैकी ती एक होती. फेब्रुवारी १९५५ पासून ती सक्तीने उठविण्यात आली आणि तिच्या जागी गोऱ्यांसाठी वसविलेल्या उपनगराला ‘ट्रिओम्फ’ म्हणजे विजय असे नाव देण्यात आले.

म्फालेले (१९१९–२००८) ह्याचा मॅन मस्ट लिव्ह (१९४६) हा संग्रह कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी लेखकांच्या पहिल्या इंग्रजी कथासंग्रहांपैकी होय. नव्या शिक्षणव्यवस्थेला विरोध केल्याबद्दल १९५२ मध्ये त्याला शिक्षकी पेशातून काढण्यात आले. पुढे त्याने ड्रमच्या कथाविभागाचे संपादन केले आणि १९५७ मध्ये नायजेरियाची वाट धरली. ‘द सूटकेस’ ह्या त्याच्या कथेत नववर्षाच्या पूर्वसंध्येला एक बेकार माणूस बसमध्ये राहिलेली पेटी आपली म्हणून उचलतो. पोलिसांसमोरही तो तेच सांगतो आणि उघडल्यावर तिच्यात मृत अर्भक निघते. इन कॉर्नर बी (१९६७) ह्या संग्रहातील ‘मिसेस प्लम’ ही दीर्घकथा त्याची श्रेष्ठ कृती मानली जाते. उदारमतवादी गोऱ्या बाईच्या घरातील काराबो ही मोलकरीण ह्या कथेची निवेदक आहे. मालकीण आफ्रिकी लोकांच्या हक्कांविषयी लिहिते, पोलिसांना अडवून तुरुंगातही जाते. मात्र घरातील नोकरांपेक्षा तिचा जीव तिच्या दोन कुत्र्यांवर अधिक आहे. उघड द्वेष करणाऱ्या गोऱ्यापेक्षा सहानुभूती बाळगणाऱ्या गोऱ्याचे चित्र काढणे कठीण असते. काराबोच्या साध्या, निरीक्षक बोलीने म्फालेलेने ते साधले आहे.

कॅन थेम्बा हा ड्रमच्या पहिल्या कथास्पर्धेतील विजेता. त्याच्या ‘द डुबे ट्रेन’ ह्या कथेत सोमवारी सकाळच्या खच्चून भरलेल्या गाडीत एक गुंड एका मुलीला छळतो. डब्यातील पुरुष गप्प राहतात. एक स्त्री त्यांच्या पौरुषाचा धिक्कार करते, तेव्हा एक धिप्पाड माणूस उठतो, भोसकला जातो आणि गुंडाला खिडकीबाहेर फेकून देतो. उरलेले प्रवासी ह्या घटनेकडे एक चटकदार प्रसंग म्हणून पाहतात. ‘द सूट’ ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा १९६३ मध्ये नॅट नकासाने सुरू केलेल्या द क्लासिक ह्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात आली. पत्नीचा प्रियकर पळताना सूट टाकून जातो; नवरा त्या सुटाला पाहुणा मानून त्याला जेवू घालण्याची, त्याची बडदास्त ठेवण्याची सक्ती पत्नीवर करतो आणि अखेर ती प्राणाला मुकते. ह्या कथेत गोरे पात्र जवळजवळ नाहीच. तथापि ज्याला बाहेरच्या जगात कोणतीही सत्ता नाही, असा सुसंस्कृत माणूस घराच्या चार भिंतींत किती निर्दय होऊ शकतो, ह्याचे हे चित्र वर्णविद्वेषाच्या दूरगामी परिणामांकडेच लक्ष वेधते.

केप टाउनचे कथाकार : केप टाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही प्रामुख्याने मिश्रवर्णीयांची, दाटीची व चैतन्यपूर्ण वस्ती होती. १९६६ मध्ये ती गोऱ्यांसाठी राखीव म्हणून घोषित झाली व पुढील काळात तेथून सु. ६०,००० लोकांना हलविण्यात आले. ह्या शहरातील चार लेखकांच्या कथा क्वार्टेट (१९६३) ह्या संग्रहात एकत्र आल्या. रिचर्ड राइव्ह, ॲलेक्स ला गुमा, जेम्स मॅथ्यूज व आल्फ वॉननबर्ग हे ते चौघे होत.

रिचर्ड राइव्ह (१९३१–८९) ह्याच्या ‘द बेंच’ ह्या कथेचा नायक कार्ली हा खेड्यातून आलेला तरुण आहे. एका सभेतील भाषणे ऐकून, आपणही इतरांसारखा माणूस आहोत, ही कल्पना त्याच्या मनात प्रथमच स्पष्ट होते. रेल्वे स्थानकावर गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या बाकावर तो जाऊन बसतो. तो दुसरे काहीही करीत नाही. परंतु उठण्यास नकार देतो आणि पकडला जातो. १९५२ च्या कायदेभंगाच्या चळवळीची छाया ह्या कथेवर स्पष्ट आहे. जेम्स मॅथ्यूजच्या ‘द पार्क’ ह्या कथेत उद्यानातून हाकलून दिलेला लहान मुलगा रात्री परत येऊन झोपाळ्यावर बसतो. मोठ्यांची राजकीय भाषा त्याला ठाऊक नाही. झोका हवा असणे हाच त्याचा अपराध होय.

ॲलेक्स ला गुमा (१९२५–८५) हा ह्या गटातील सर्वांत समर्थ लेखक. १९५६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलेल्या १५६ जणांत तो होता. पुढे त्याला स्थानबद्धता सोसावी लागली. १९६६ मध्ये त्याने देश सोडला आणि हाव्हॅना येथे त्याचा मृत्यू झाला. अ वॉक इन द नाइट (१९६२) ही त्याची दीर्घकथा नायजेरियात प्रसिद्ध झाली. गोऱ्या मुकादमाला उलट उत्तर दिल्यामुळे नोकरी गमावलेला मायकेल अडोनिस एका निरुपद्रवी गोऱ्या वृद्धाला दारूच्या व संतापाच्या भरात मारतो आणि त्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याच तरुणाला पोलिसाची गोळी लागते. ‘कॉफी फॉर द रोड’ ह्या कथेत मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेली एक गोरेतर स्त्री वाटेत कॉफीसाठी थांबते. भिंतीतील भोकापाशी उभे राहण्याऐवजी ती थेट दुकानात शिरते. दुकानदारीण तिला ‘कुली’ म्हणून हिणवते, तेव्हा ती हातातील थर्मास तिच्यावर फेकून मारते. पुढे रस्त्यावर पोलीस तिची वाट पाहत असतात. ‘द लेमन ऑर्चर्ड’ ह्या कथेत गोऱ्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागणाऱ्या एका शिक्षकाला काही गोरे रात्री लिंबांच्या बागेत फटके मारण्यासाठी नेतात. मारहाण कथेत येतच नाही. कडाक्याची थंडी, चांदणे व लिंबांचा वास एवढ्यावरच कथा संपते आणि म्हणूनच ती मनात राहते. भावनेला आवर घालून केवळ वस्तूंचे, वासांचे व हालचालींचे अचूक वर्णन करणे, हा ला गुमाच्या शैलीचा विशेष होय.

नेडीन गॉर्डिमर : गौरवर्णीय कथाकारांत नेडीन गॉर्डिमर (१९२३–२०१४) हिचे स्थान अनन्यसाधारण आहे. जोहॅनिसबर्गजवळील स्प्रिंग्ज ह्या खाणींच्या गावी तिचा जन्म झाला. फेस टू फेस (१९४९) ह्या पहिल्या संग्रहापासून जंप (१९९१) पर्यंत व त्यानंतरही ती कथा लिहीत राहिली. १९९१ मध्ये तिला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘द ट्रेन फ्रॉम ऱ्होडेशिया’ ह्या कथेत एक गोरा प्रवासी स्थानकावरील वृद्ध कारागिराशी घासाघीस करून साडेतीन शिलिंगांचा लाकडी सिंह दीड शिलिंगाला मिळवतो आणि गाडी सुटता सुटता पत्नीला विजयाने दाखवितो. तिला मात्र लाज व रितेपणा ह्यांनी ग्रासले जाते. येथे कायदा मोडला गेलेला नाही, की कोणी कोणाला अपशब्दही बोललेले नाही. वर्णविद्वेष सभ्य व्यवहाराच्या आत किती खोल रुजलेला असतो, हे त्या सौद्यावरून दिसते.

‘सिक्स फीट ऑफ द कंट्री’ (सहा फूट भूमी) ह्या कथेत हौसेखातर शेतमळा घेतलेला एक गोरा निवेदक आहे. त्याच्या नोकराचा भाऊ ऱ्होडेशियातून परवान्याविना आलेला असतो व तेथेच मरतो. अधिकारी तपासणीसाठी प्रेत नेतात. ते परत मिळावे म्हणून मजूर आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून २० पौंड जमवितात. अंत्ययात्रा निघते आणि मृताच्या वृद्ध पित्याच्या ध्यानात येते, की शवपेटीत आपला मुलगा नाही, दुसराच कोणी आहे. खरे प्रेत कधीच सापडत नाही व पैसेही परत मिळत नाहीत. निवेदक दुष्ट नाही. तो कार्यालयांना खेटेही घालतो. परंतु गरीब माणसांनी प्रेतासाठी एवढी रक्कम का खर्च करावी, हे त्याला उमगत नाही. अ सोल्जर्स एम्ब्रेस (१९८०) ह्या संग्रहात तिने अनैतिकताविषयक कायद्याने उद्ध्वस्त केलेल्या प्रेमसंबंधांच्या कथा सांगितल्या, तर जंपमधील ‘वन्स अपॉन अ टाइम’ ह्या कथेत भयापोटी कुंपणावर कुंपण उभारणाऱ्या कुटुंबाचे मूलच त्या धारदार तारांत सापडते. अत्याचार सोसणाऱ्याच्या अंतःकरणाचा नव्हे, तर त्या अत्याचाराचा लाभ घेणाऱ्याच्या अंतःकरणाचा शोध हा गॉर्डिमरचा विषय आहे आणि स्वतःच्या वर्गालाही ती त्यातून वगळत नाही.

भारतीय वस्तीतील कथा : १८६० पासून नाताळ प्रांतात करारबद्ध मजूर म्हणून व त्यानंतर व्यापारी म्हणून आलेल्या भारतीयांचा समाज वर्णश्रेणीत मधल्या पायरीवर ठेवलेला होता. अहमद एसप (१९३१–२०१९) ह्याचा जन्म गुजरातमधील दाभेल येथे झाला. द हाजी अँड अदर स्टोरीज (१९७८) ह्या त्याच्या संग्रहात जोहॅनिसबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातील भारतीयांचे जीवन येते. शीर्षककथेतील हाजीचा भाऊ गोरा म्हणून वावरण्यासाठी आपल्या माणसांना सोडून गेलेला आहे; मरणासन्न अवस्थेत त्याला स्वजनांत परत यावेसे वाटते. दुखावलेला हाजी त्याला स्वीकारू शकत नाही. अभिमान व बंधुप्रेम ह्यांच्या ओढाताणीत अखेरचा निरोप घेण्याची वेळही निघून जाते. वर्णरेषा ओलांडणे हा येथे केवळ कायद्याचा प्रश्न राहत नाही. ती रेषा एकाच घरातून गेलेली दिसते. पीडित समाजातील अहंकार, ढोंग व परस्परांविषयीचा तुच्छभाव ह्यांकडेही एसप विनोदबुद्धीने पाहतो.

बंदी व देशत्याग : २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ६९ माणसे मरण पावली. त्यानंतर दडपशाही वाढली. १९६३ मध्ये प्रकाशननियंत्रणाचा नवा कायदा झाला. १९६६ मध्ये म्फालेले, थेम्बा, मोडिसेन, न्कोसी इत्यादींच्या लेखनावर बंदी आली. ज्या लेखकावर अशी बंदी असे, त्याचे वाक्य उद्धृत करणेही गुन्हा होता. नॅट नकासाने १९६४ मध्ये परतीचा हक्क सोडून देश सोडला व १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचा मृत्यू झाला. थेम्बा स्वाझीलंडमध्ये मरण पावला आणि त्याचे लेखन द विल टू डाय (१९७२) ह्या नावाने लंडन येथे मरणोत्तर संग्रहित झाले. ह्याचा दुष्परिणाम असा, की पुढच्या पिढीच्या तरुण लेखकांना आपले पूर्वसूरीच वाचावयास मिळाले नाहीत. परंपरा तुटली आणि प्रत्येक पिढीला प्रारंभापासून सुरुवात करावी लागली.

बेसी हेड (१९३७–८६) हीदेखील १९६४ मध्ये देश सोडून बोट्स्वानात गेली. तिच्या ‘द प्रिझनर हू वोअर ग्लासेस’ ह्या कथेत चष्मा वापरणारा एक राजकीय कैदी आणि एक उर्मट गोरा पहारेकरी ह्यांचा झगडा आहे. पहारेकऱ्याची चोरी कैद्याच्या ध्यानात येते आणि हळूहळू दोघांत देवाणघेवाणीचा समझोता होतो. सत्ताधारी व सत्ताहीन ह्यांच्यातही माणुसकीचा व्यवहार शक्य आहे, असे विनोदाच्या अंगाने सुचविणारी ही कथा ह्या साहित्यात दुर्मिळ आहे.

सोवेटोनंतरची कथा : आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोत विद्यार्थ्यांनी उठाव केला, पोलिसांनी तो गोळीबाराने दडपण्याचा प्रयत्न केला. ह्या उठावानंतर नव्या लेखकांची पिढी पुढे आली. १९७८ मध्ये रेव्हन प्रेस ह्या संस्थेने सुरू केलेल्या स्टाफरायडर ह्या नियतकालिकाने त्यांना व्यासपीठ दिले. गर्दीच्या गाडीला बाहेरून लटकत जाणारा प्रवासी, असा ह्या नावाचा अर्थ. त्याच्या पहिल्याच अंकावर बंदी आली. म्टुटुझेली माट्शोबाच्या कॉल मी नॉट अ मॅन (१९७९) ह्या संग्रहावरही बंदी घालण्यात आली. शीर्षककथेत रेल्वे स्थानकाबाहेर मजुरांना अडवून लुबाडणारे राखीव पोलीस आहेत. तेही कृष्णवर्णीयच आहेत. डोळ्यांदेखत माणूस नागवला जात असताना गप्प राहावे लागल्याची लाज हा त्या कथेचा गाभा होय.

अशा कथा साहित्य म्हणून कितपत टिकतील, असा प्रश्न पूर्वीही विचारला गेला होता. कृष्णवर्णीयांचे बरेचसे कथालेखन म्हणजे कल्पनेच्या वेषातील वृत्तलेखन होय, अशी कठोर टीका लुइस न्कोसीने १९६५ मध्ये केली होती. १९८४ मध्ये न्जाबुलो न्डेबेले (जन्म १९४८) ह्याने हा विचार अधिक खोलवर नेला. क्रूर पोलीस, सुखासीन गोरा व असहाय कृष्णवर्णीय ह्यांचे ठळक देखावे वाचकाला आधीच ठाऊक असलेले तेवढेच पुन्हा दाखवितात. अत्याचार सोसणाऱ्याला स्वतःचे विचार, प्रेम, मत्सर, भीती व स्वप्ने असतात, ह्याचा त्यांत विसर पडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणून लेखकाने सामान्य जीवनाकडे परत वळावे, असे त्याने सुचविले. त्याच्या फूल्स अँड अदर स्टोरीज (१९८३) ह्या संग्रहास नोमा पारितोषिक मिळाले. त्यातील ‘द प्रॉफेटेस’ ह्या कथेत आजारी आईसाठी मंत्रपूत पाणी आणणाऱ्या मुलाची बाटली वाटेत फुटते. तो साधेच पाणी भरून आईला देतो आणि तिला बरे वाटते. गोऱ्यांचा उल्लेखही टाळणारी अशी कथा संघर्षाच्या ऐन काळात लिहिणे ही पळवाट होती, असे काहींना वाटणे शक्य आहे. परंतु वर्णविद्वेषाचा मूळ दावाच असा असतो, की समोरच्या माणसाला अंतर्जीवन नाही. ते अंतर्जीवन दाखविणे हे त्या दाव्याचे खंडन ठरते. उलट माट्शोबासारख्यांची साक्ष नसती, तर वृत्तपत्रांवर नियंत्रण असलेल्या त्या काळाची नोंदच राहिली नसती. ह्या दोन्ही प्रकारच्या कथांची गरज होती, असेच आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

ह्याच सुमारास स्त्रियांचे लेखन ठळकपणे पुढे आले. मिरियम ट्लाली (१९३३–२०१७) हिच्या कथांत सोवेटोतील स्त्रियांना वर्णाच्या जोडीने पुरुषी अरेरावीलाही तोंड द्यावे लागते. झोई विकम (जन्म १९४८) हिच्या यू कान्ट गेट लॉस्ट इन केप टाउन (१९८७) ह्या परस्परांशी गुंफलेल्या कथांत मिश्रवर्णीय समाजातील कातडीचा रंग, केसांचा पोत व इंग्रजी उच्चार ह्यांविषयीची धास्ती येते. गोऱ्यांनी लादलेली श्रेणी पीडितांनीही मनोमन स्वीकारलेली असते, हे ती निर्भीडपणे दाखविते. खीना म्होपे हिच्या ‘द टॉयलेट’ (१९८७) ह्या कथेतील तरुणी मोलकरीण असलेल्या बहिणीच्या खोलीत चोरून राहते आणि एका उद्यानातील सार्वजनिक शौचालयात बसून लिहिते, कारण एकांताची तिला मिळू शकणारी ती एकच जागा असते. एके दिवशी त्याचे दार कुलूपबंद असते. तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसून लिहू लागते.

व्यवस्थेच्या अंतानंतर : १९८६ मध्ये पास कायदे रद्द झाले, १९९० मध्ये सोयींच्या विभागणीचा व १९९१ मध्ये लोकसंख्या नोंदणीचा कायदा रद्द झाला आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या मतदारांनी भाग घेतलेली पहिली निवडणूक झाली. आता विषय संपला, अशी शंका काहींनी व्यक्त केली. इव्हान व्लादिस्लाविच (जन्म १९५७) ह्याच्या प्रॉपगँडा बाय मॉन्युमेंट्स (१९९६) ह्या संग्रहातील ‘द व्हाइट्स ओन्ली बेंच’ ही कथा ह्या शंकेचे उत्तर ठरू शकेल. वर्णभेदाच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडू पाहणाऱ्या एका संग्रहालयाला गोऱ्यांसाठी राखीव असलेले बाक हवे असते. कालपर्यंत जागोजागी असलेली ही वस्तू आता शोधावी लागते. म्हणून संग्रहालयातील एक कर्मचारी तसे बाक स्वतःच बनविते. मग खरे बाक कोणते, बनावट कोणते आणि भूतकाळाची साक्ष कशाने दिली जाते, असे प्रश्न उभे राहतात.

राइव्हच्या कथेतील बाक, म्होपेच्या कथेतील बाक व संग्रहालयातील बाक ह्या तीन टप्प्यांत दक्षिण आफ्रिकी लघुकथेचा प्रवास पाहता येतो. पहिल्यावर बसणे हा गुन्हा होता, दुसऱ्यावर बसून एक तरुणी लिहू लागली आणि तिसरे पाहण्याची वस्तू झाले. कायदे रद्द करता येतात व पाट्या उतरविता येतात. मात्र त्या पाटीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय घडले, हे संग्रहालयाला सांगता येत नाही. ते ह्या कथांनी नोंदवून ठेवले आहे.